‘घरात आणखी कोणाला होता का?’

आईला फुफ्फुसाचा कर्करोग झाला आहे हे जानेवारी २०२३ मध्ये निश्चित झाले आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न उपचारांचा नव्हता. रुग्णालयातल्या अर्जावर, गावाकडच्या सोप्यात, फोनवर आणि माझ्या भाचीला पाहायला आलेल्या मंडळींकडूनही तोच प्रश्न आला : घरात आणखी कोणाला होता का? या प्रश्नाचे नीट आणि खरे उत्तर मिळवण्यासाठी आम्हाला कुठे कुठे जावे लागले, काय काय मोजावे लागले आणि शेवटी हाती काय आले, ते लिहून ठेवावे असे मला फार वाटत होते. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नाही. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांनी समजावलेले, मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतलेले आणि वहीत टिपून ठेवलेले आहे.

आईचे वय तेव्हा ६७ होते. २०२२ च्या श्रावणात तिला कोरडा खोकला सुरू झाला आणि पावसाळ्याचा खोकला म्हणून तिने तो महिनाभर अंगावर काढला. नंतर धाप लागू लागली तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. त्यात उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी दिसले. थुंकीच्या दोन तपासण्यांत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरीही टीबीचे औषध सुरू झाले. छातीत पाणी टीबीनेही होते आणि आपल्याकडे टीबीचे प्रमाण एवढे आहे की डॉक्टरांच्या मनात तोच आजार आधी येतो, हे मला मान्य आहे. परंतु ते पाणी सुईने काढून तपासायला पाठवणे अवघड नव्हते, आणि ते साडेतीन महिने कोणी केले नाही. दुसरे काही असेल का, असे मी एकदा धीर करून विचारले तेव्हा मला उलट प्रश्न आला, ‘‘त्या विडी-सिगारेट ओढतात का? नाही ना? मग कॅन्सरचा विचार कशाला डोक्यात आणता?’’ आईचे वजन तोवर नऊ किलोंनी उतरले होते. ते वाक्य मी विसरू शकलेले नाही, कारण त्यातली समजूत चुकीची आहे आणि आमच्यासारख्या अनेक घरांचे मोलाचे महिने त्या समजुतीपायी जात असतील असे मला मनापासून वाटते. ज्यांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नाही अशा माणसांना, त्यातही स्त्रियांना, हा आजार होतो. आपल्या देशात अशा रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते.

डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापुरात दुसऱ्या डॉक्टरांनी पाणी काढले. ते गढूळ आणि लालसर होते. त्यात कर्करोगाच्या पेशी मिळाल्या आणि आम्ही मुंबईला गेलो. सीटी स्कॅन, सीटीच्या आधाराने सुई घालून केलेली बायोप्सी, मग पॅथॉलॉजीचा अहवाल, असे सारे ओळीने झाले. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला सगळे जण ‘ब्लॉक’ म्हणतात. एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत तो नातेवाइकांनीच न्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. काडेपेटीच्या निम्म्याएवढी एक प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, आणि पांढऱ्या मेणात तांदळाच्या कणीएवढे करडे काहीतरी. पाकिटावर लिहून दिले होते, ‘उन्हात ठेवू नये’. लोकलमध्ये ते पाकीट मी दोन्ही तळव्यांत धरून उभी होते. आईच्या आयुष्यात नेमके काय घडले हे सांगू शकणारी तेवढीच वस्तू जगात आहे, असे मला त्या वेळी वाटत होते.

पहिल्या अहवालात ‘ॲडिनोकार्सिनोमा’ हा प्रकार आला. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचा हाच प्रकार सर्वाधिक दिसतो. त्यानंतर दहा दिवसांनी दुसरा अहवाल आला, त्यात ईजीएफआर नावाच्या जनुकात, एक्झॉन १९ या भागात, काही अक्षरे गळाली असल्याचे लिहिले होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडे समाधान दिसले. हा बदल २००४ मध्ये ओळखला गेला. तो ज्यांच्या गाठीत असतो त्यांना रोज एक गोळी देऊन रोग बराच काळ आटोक्यात ठेवता येतो. भारतातल्या ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाच्या गाठीत तो सापडतो. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण कमी आणि पूर्व आशियात पुष्कळ जास्त आहे. आईला सलाईनची केमोथेरपी न देता गोळी सुरू झाली आणि सहा आठवड्यांत तिची धाप कमी झाली. उपचारांबद्दल मी इथे एवढेच लिहिते, कारण आमची खरी ओढाताण त्याच अहवालातल्या एका शब्दाने सुरू झाली.

तो शब्द होता ‘जनुकीय’. माझा भाऊ रुग्णालयाच्या व्हरांड्यातूनच घरी फोनवर म्हणाला, ‘‘जनुकीय बदल सापडलाय.’’ संध्याकाळपर्यंत गावात तो ‘आनुवंशिक आजार’ झाला आणि दुसऱ्या दिवशी ‘त्यांच्या घराण्यातच कॅन्सर हाय’ असा झाला. मी बावीस वर्षे भाषा शिकवते आहे, पण एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसल्याने घराची एवढी हानी होऊ शकते हे मी आधी पाहिले नव्हते. भाचीच्या लग्नाची बोलणी त्या महिन्यात चालू होती. मुलाकडच्यांनी नकार दिला नाही. ‘‘थोडं थांबूया,’’ एवढेच कळवले.

जनुकांत होणारा प्रत्येक बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, हे मी मुंबईच्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा नीट ऐकले. आपल्या शरीरातल्या पेशी जन्मभर विभागत राहतात आणि प्रत्येक विभागणीत जनुकांची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात, वय वाढते तशा त्या साचत जातात; तंबाखूच्या धुरासारख्या गोष्टी त्यांत भर घालतात. असा बदल फुफ्फुसातल्या एका पेशीत झाला तर तो त्या पेशीच्या वंशात राहतो, रक्तात किंवा बीजांडात जात नाही आणि म्हणून मुलाबाळांपर्यंत पोहोचत नाही. आईच्या गाठीतला बदल याच जातीचा होता. तो जनुकीय होता, आनुवंशिक नव्हता. मात्र डॉक्टरांनी लगेच हेही सांगितले की यावरून कुटुंबाचा इतिहास विचारायचाच नाही असे होत नाही, कारण काही माणसांच्या वाट्याला जन्मतःच थोडा जास्त धोका येतो आणि तो आहे की नाही हे पाहावे लागते. त्यांनी आम्हाला जनुकीय समुपदेशन करणाऱ्या विभागात पाठवले आणि तिथे जाण्यापूर्वी सगळी माहिती गोळा करून आणायला सांगितली.

माहिती गोळा करण्याचे ते दोन महिने मला या साऱ्या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

पहिली नोंद चुलीची होती. अर्जात विचारले होते, स्वयंपाक कशावर, दिवसाचे किती तास, किती वर्षे. तासांना वर्षांनी गुणून एक आकडा काढतात. आईचे लग्न १९७३ मध्ये झाले आणि आमच्या घरी गॅस २०११ मध्ये आला. मधली ३८ वर्षे तिने रोज सुमारे पाच तास चुलीपुढे काढले, म्हणजे १९०. मी हा गुणाकार मोठ्याने केला तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, ‘‘आणि लग्नाआधीचं धरलं न्हाईस व्हय? धा वर्साची हुते तवापास्नं माह्यारी भाकरी थापत हुते की.’’ त्या आठ वर्षांचे रोजचे दोन तास धरून १६ मिळवले आणि २०६ लिहिले. जळण काय, हाही एक रकाना होता. त्यात मी शेणी, तुरकाट्या आणि उसाचे चिपाड असे लिहिले. आमचे स्वयंपाकघर कौलारू, त्याला खिडकी एकच आणि तीही गोठ्याकडे उघडणारी. धुराडे कधी नव्हतेच. सकाळी चूल पेटवताना आई जमिनीलगत वाकून फुंकणी घेऊन बसे, आणि पावसाळ्यात जळण दमट असले की दार उघडे असूनही भिंतीवरची भांडी दिसत नसत. वाशांवर साचलेली काजळी दिवाळीला खराट्याने झाडायची, ती माझ्या हातावर तेलकट चिकटून बसायची, ते मला अजून आठवते. शिवाय दर हंगामात दीड-दोन महिने गावातल्या गुऱ्हाळावर ती चुलवाणात चिपाड घालायच्या कामाला जात असे. हे कोणत्या रकान्यात लिहावे हे न कळल्याने मी ते अर्जाच्या पाठीमागे लिहिले.

दुसरी नोंद आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विडीची. विड्यांचा हिशेबही तसाच असतो, रोजच्या विड्या गुणिले वर्षे. आण्णांच्या रोजच्या २५ विड्या आणि ३६ वर्षे धरून ९०० हा आकडा आला. विडी सिगारेटपेक्षा साधी, पानाची म्हणून सौम्य, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात तेंदूचे पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून वरचेवर झुरके ओढावे लागतात आणि तिच्यानेही फुफ्फुसाचा कर्करोग होतो. आण्णा २०१४ मध्ये हृदयविकाराने गेले, त्यांना कर्करोग झाला नव्हता. यावरून नातेवाइकांनी सोयीचा निष्कर्ष काढला होता : ‘‘ज्यानं ओढल्या त्याला काय झालं न्हाई, मग इडीचा काय संबंध?’’ डॉक्टरांनी याचे उत्तर फार शांतपणे दिले. धूम्रपान करणाऱ्यांना हा रोग होण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या कित्येक पट, पंधरा-वीस पट असते. तरीही ओढणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना तो होत नाही. धोका वाढणे म्हणजे रोग ठरलेला असणे नव्हे. आणि ओढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याचा धोकाही वाढतो. जपानमधले ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती पाहून १९८१ मध्येच दाखवून दिले होते की नवरा जितका जास्त ओढतो तितका पत्नीला फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका जास्त. पुढे अनेक देशांतल्या पाहण्यांतून ही वाढ साधारण २० ते ३० टक्के असल्याचे दिसून आले.

चुलीबद्दल मात्र डॉक्टर जपून बोलले, आणि त्यांच्या या जपून बोलण्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ज्या याद्या करते, त्यांत घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर ‘माणसात कर्करोग करतो’ या पहिल्या गटात आहे, तर लाकूड आणि तत्सम जळणाचा धूर ‘बहुधा करतो’ या त्याखालच्या गटात आहे. कोळशाविषयीचा सर्वांत ठळक पुरावा चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागातून आला. तिथल्या स्त्रिया क्वचितच धूम्रपान करत, पण घरात धुराचा कोळसा जाळत, आणि त्यांच्यातले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिकांपैकी होते. ज्या घरांत धुराडे असलेली चूल बसवली गेली तिथल्या स्त्रियांचा धोका पुढच्या काळात जवळजवळ निम्म्याने उतरला. हे ऐकताना आमच्या स्वयंपाकघराची ती एकच खिडकी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आण्णांनी २००३ मध्ये घराला स्लॅब घातला, मोटारसायकल घेतली, बोअर मारली; धुराड्याचे पाइप मात्र कोणी आणले नाहीत. आम्ही शिकलेल्या मुलांनीही आणले नाहीत.

बाकीच्या नोंदी लवकर आटोपल्या. आण्णा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ३२ वर्षे ओतकामावर होते. साच्यांच्या वाळूतली सिलिकाची बारीक धूळ आणि एकंदरीतच लोखंड-पोलादाचे ओतकाम, दोन्ही पहिल्या गटात आहेत. पण तो धोका काम करणाऱ्याचा. त्यांचे कपडे आई अंगणात झटकून धुवायची, हे मी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी लिहून घेतले आणि याचे वजन ठरवता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. जमिनीतल्या युरेनियमपासून निघणारा रेडॉन वायू हे धूम्रपान न करणाऱ्यांतले मोठे कारण मानतात, परंतु तो थंड प्रदेशांतल्या बंदिस्त घरांत आणि तळघरांत साठतो. आमच्या वाऱ्यावरच्या घरात त्याची फारशी भीती नव्हती. गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्याची मात्र भावाने धास्ती घेतली, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असेपर्यंत त्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. तो फोडला, कापला, छिद्रे पाडली की सुटतात आणि श्वासातून आत जाऊन बसतात. घाबरून हातोडा घेऊन चढू नका, काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करा आणि सबंध उतरवा, असे भावाला बजावण्यात आले. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो, हे त्याला वेगळे सांगितले, कारण तो सिगारेट ओढतो.

राहिला होता मामा. आईचा थोरला भाऊ १९९९ मध्ये ५२ व्या वर्षी ‘छातीत गाठ’ होऊन गेला होता आणि आमच्या घराण्यात कॅन्सर असल्याचा जो बोभाटा झाला त्याचे मूळ तिथे होते. समुपदेशनाच्या मॅडमनी फोनवर सांगितले होते की कसली गाठ होती हे कळले तर फार मदत होईल. मी आणि मामेभाऊ मे महिन्यात एक दिवस माळ्यावर चढलो. मामींनी मामाची सगळी कागदपत्रे एका पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच्या फेट्याच्या घडीखाली ठेवली होती : सोसायटीची पासबुके, सातबाऱ्याचे उतारे, साखर कारखान्याच्या बिलाच्या चिठ्ठ्या. तळाशी एका पिवळ्या पाकिटात रुग्णालयाचे घरी सोडल्याचे कार्ड होते, घड्यांवर फाटलेले. त्यावर टंकलेखनाने ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे लिहिले होते आणि खाली डॉक्टरांच्या हस्ताक्षरात, ‘रोज ३० विड्या, ३० वर्षे’. मामी खालून विचारत होत्या, ‘‘घावलं का?’’ आणि मला काही क्षण उत्तर देता आले नाही. चोवीस वर्षे तो कागद तिथे होता आणि कोणी वाचला नव्हता.

जूनमध्ये समुपदेशन झाले. मॅडमनी कोरा कागद समोर घेऊन आमच्याकडून एकेक नाते विचारत वंशावळ काढली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. जो वारला त्याच्या खुणेवर तिरकी रेघ. ज्याला कर्करोग झाला त्याची खूण काळी भरायची. आजीला ‘पिशवीचा’ झाला होता तेही आम्ही सांगितले, तेव्हा त्यांनी सांगितले की गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे कारण बहुतेक सर्व रुग्णांत एचपीव्ही हा विषाणू असतो. सगळ्या कर्करोगांची एकच मोळी बांधून घराण्याच्या नावावर टाकायची नसते. लहान वयात कोणाला झाला का, स्तनाचा, मेंदूचा, हाडांचा किंवा स्नायूंचा असा कोणाला झाला का, हे त्यांनी खोदून विचारले, कारण टीपी५३ नावाच्या जनुकातला जन्मजात दोष असलेल्या घरांत असे कर्करोग तरुणपणीच आणि अनेकांना होतात. आमच्याकडे तसे काही नव्हते. ईजीएफआरमध्येही जन्मजात येणारा एक बदल आहे, त्याला टी७९०एम म्हणतात. तो फारच थोड्या कुटुंबांत आढळतो आणि उपचारांपूर्वीच गाठीत तो दिसला तर रक्त तपासून घेतात. आईच्या अहवालात तो नव्हता. म्हणून आमच्यापैकी कोणाचेही रक्त तपासण्याची गरज नाही, असे त्यांनी लेखी दिले.

मामाच्या कार्डाने मोठा गुंता सुटला. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या या स्क्वॅमस प्रकाराचा धूम्रपानाशी संबंध फार घट्ट आहे आणि ईजीएफआरमधला आईसारखा बदल त्यात क्वचितच असतो. म्हणजे बहीण-भावांना एकाच अवयवाचा कर्करोग झाला असला तरी दोघांचे आजार वेगळ्या वाटांनी आले असण्याची शक्यता जास्त. तरीसुद्धा आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल तर आपला धोका साधारण दीड ते दोन पट होतो, हा आकडा त्यांनी आमच्यापासून लपवला नाही. दोन पट ऐकून भावाचा चेहरा उतरला. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘एका घरात वाढलेली माणसं जनुकं वाटून घेतात, तशी चूलही वाटून घेतात आणि वडलांची विडीही. या दुपटीत रक्ताचा वाटा किती आणि धुराचा किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण धुराचा वाटा आपल्या हातात आहे.’’

भावाने मग स्वतःबद्दल विचारले. तो तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि २४ वर्षे रोज १५ सिगारेटी ओढत आला होता. वीस सिगारेटींचे एक पाकीट रोज वर्षभर, असे माप धरले तर हे १८ ‘पाकीट-वर्षे’ होतात. त्याला क्ष-किरणांच्या कमी मात्रेचा सीटी स्कॅन करून घ्यायचा होता. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्कॅनने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले होते, पण ती माणसे ५५ ते ७४ वयाची आणि किमान ३० पाकीट-वर्षांची होती. नंतर तिकडे ही मर्यादा ५० वर्षे आणि २० पाकीट-वर्षांवर आणली गेली. तैवानमध्ये २०२२ पासून घरात हा आजार झालेल्यांनाही, ते ओढत नसले तरी, अशी तपासणी देतात, आणि त्यातून कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही पकडल्या जातात असा आक्षेप त्यावर आहे. आपल्याकडची अडचण आणखी निराळी : जुन्या टीबीचे डाग आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुफ्फुसांत असतात, ते स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात आणि मग सुया, भीती, खर्च यांची रांग लागते. डॉक्टरांनी भावाला स्कॅन नाकारला नाही, पन्नाशीनंतर पुन्हा बोलू म्हणाले. पण आज सिगारेट सोडणे हे कोणत्याही स्कॅनपेक्षा मोठे काम आहे, सोडल्यावर दहा वर्षांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, असे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितले. सोडणे त्याला जड जाते यातही जनुकांचा काही भाग असू शकतो. पंधराव्या गुणसूत्रावरच्या, निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचा असा संबंध २००८ मध्ये तीन गटांच्या संशोधनांतून पुढे आला. हे ऐकून त्याला सबब मिळेल अशी मला भीती वाटली होती. प्रत्यक्षात त्याने पहिल्यांदाच मोकळेपणाने औषधाची मदत मागितली.

त्याच भेटीत मी विचारले की कारण नेमके कोणते लिहायचे : चूल, विडी, की नुसते वय? डॉक्टरांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाबद्दल सांगितले. आईसारखाच बदल झालेल्या मोजक्या पेशी निरोगी फुफ्फुसांतही सापडतात आणि त्या वर्षानुवर्षे काही न करता पडून राहू शकतात. हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण आत गेले की फुफ्फुसात दाह होतो, तिथल्या संरक्षक पेशी एक रासायनिक संदेश सोडतात आणि त्या संदेशाने अशी झोपलेली पेशी वाढू लागते. हे उंदरांवरच्या प्रयोगांतून आणि इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान अशा देशांतल्या रुग्णांच्या माहितीतून पुढे आले आहे आणि ते बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाबद्दल आहे. चुलीच्या धुराला ते जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही ते म्हणाले. आई इतका वेळ गप्प बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘म्हंजी राखंखाली इंगळ असतुया. फुंकर घातली तरच पेटतुया.’’ डॉक्टर थांबले आणि मग म्हणाले, ‘‘आजी, मी हे विद्यार्थ्यांना यापुढं असंच सांगीन.’’

कारणाच्या रकान्यात त्यांनी अखेर एकच कारण लिहिले नाही. एका माणसाच्या बाबतीत ते लिहिता येत नाही, हे मला आता पटले आहे, पण पटायला वेळ लागला. मला एक नाव हवे होते, ज्याच्यावर राग धरता येईल.

वंशावळीचा तो कागद आणि मॅडमचे पत्र घेऊन मी आणि भाऊ जुलैमध्ये मुलाकडे गेलो. मी त्यांच्यासमोर कागद पसरला, आईची आणि मामाची काळी खूण दाखवली, मामाचे कार्ड दाखवले आणि दोन शब्दांतला फरक जमेल तितक्या साध्या मराठीत सांगितला. मुलाच्या वडिलांनी पत्र दोनदा वाचले. मग मुलाची आई मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली की तिच्या बहिणीलाही सहा महिन्यांपासून खोकला आहे आणि टीबीचे औषध चालू आहे, थुंकीत काही सापडलेले नाही. मी तिला लगेच कोल्हापूरच्या डॉक्टरांचा फोन नंबर दिला. लग्नाचे बोलणे त्यानंतर पुढे गेले.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. तिने पत्र हातात घेतले, तिला ते वाचता येत नाही तरी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, ‘‘म्हंजी माझ्यापास्नं पोरास्नी न्हाई न्हवं कुणाला?’’ मी नाही म्हटले. जानेवारीपासून तिने आपले ताट, पेला आणि तांब्या वेगळ्या फळीवर ठेवला होता. औषधे चालू आहेत म्हणून ती तसे करते, असे आम्ही समजत होतो. त्या रात्री भाकरी थापून झाल्यावर तिने नातीला हाक मारली आणि आपला पेला बाकीच्या पेल्यांत ठेवायला सांगितला.